पुढे लावलेला टायर

मित्रांनो, मधल्या सुट्टीत ज्याच्या पाठीवर पाय देऊन तुम्ही उड्या मारता, तो मी. चिचटोल्याच्या शाळेच्या अंगणात अर्धा जमिनीत गाडलेला, पिवळ्या रंगाने माखलेला एक म्हातारा टायर. रंग तुमच्या गुरुजींनी दिला. गाडायला मात्र दुसऱ्याने सांगितलं, आणि ते तुमच्या खेळासाठी नव्हे, मला शिक्षा म्हणून. दर वर्षी तुमच्यातलं कोणीतरी माझ्यावर निबंध लिहितं आणि 'मी लोकांचं ओझं आनंदाने वाहिलं' असं माझ्या तोंडी घालतं. ते खोटं आहे. आज माझी गोष्ट मीच सांगतो. गोड लागली नाही तर मला दोष देऊ नका, तो मला पुष्कळ देऊन झाला आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रबर, काजळी आणि गंधक मळून मला घडवलं, पोटात पोलादी तारांचे वेढे घातले आणि तापलेल्या साच्यात दाबून भाजलं. साच्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर जाड जाड ठोकळे उठले होते आणि त्यांच्यामध्ये बोट बुडेल एवढ्या खोल खाचा होत्या.

आम्हा टायरांच्या तीन तऱ्हा असतात, त्या नीट समजून घ्या. एक गुळगुळीत नक्षीचा, फक्त डांबरी रस्त्याचा. तो आवाज करत नाही, डिझेल कमी पितो, पण चिखल दिसला की हातपाय गाळतो. दुसरा निव्वळ चिखलाचा. त्याचे दात मोठे, पण डांबरावर तो दिवसभर घूं घूं करतो आणि लवकर झिजतो. तिसरा मी. मला ऑल-टेरेन म्हणतात. थोडं डांबर, थोडा मुरूम, थोडा चिखल, असं ज्याच्या रोजच्या वाटेवर सगळंच लागतं, त्याने मला निवडावं. पोंभुर्ण्याकडच्या गावांची वाट अशीच आहे. म्हणून मी जहीरभाईच्या दुकानात येऊन पडलो, तेव्हा योग्य जागी आलो असं मला वाटलं होतं.

जहीरभाईचं टायरचं दुकान पोंभुर्ण्यात रस्त्याला लागूनच. माणूस बोलका, हसरा, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय न सोडणारा. एका सकाळी तिथे एक पांढरी पिकअप येऊन थांबली. तिच्यातून धनराज उतरला आणि त्याच्या मागोमाग त्याचा सोबती लटारू.

धनराज चिचटोल्याचा. गावात पिकअप त्याच्या एकट्याकडे. गाडी घेण्याआधी त्याचं सगळं आयुष्य बैलांमागे गेलं होतं. शंकरपटात त्याची जोडी धावायची आणि पंचक्रोशीतले लोक बैल घेण्याआधी त्याला दाखवायला आणायचे. बैलातलं त्याला खरोखर कळत होतं. गाडीतलंही आपल्याला तेवढंच कळतं, असं तो समजून चालला होता, आणि त्याला तसं नाही म्हणणारं गावात कोणी नव्हतं.

तो टायर घ्यायला आला होता त्याचं कारण त्याची बायको रुखमाबाई. त्यांच्या मुलीला, मयुरीला, दिवस गेले होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. रुखमाबाईने बोटांवर महिने मोजले, तर मोजणी श्रावणात येत होती. चिचटोला आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये नाला आहे आणि त्यावर पुलाऐवजी नुसता रपटा, म्हणजे पाण्यालगत टाकलेली फरशी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. श्रावणात तो भरून वाहतो. आदल्याच पावसाळ्यात शेजारच्या सुकरीला नाल्याच्या अलीकडेच बाळ झालं होतं आणि ते तिथेच गेलं होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. रुखमाबाई शहाणी झाली आणि नवऱ्याच्या मागे लागली, की गाडीचे टायर बदला, चिखलात चढणारे घ्या, माझ्या लेकीला नाल्यापार न्यायचं आहे. माझा जन्म कारखान्यात झाला असेल, पण माझ्या जन्माचं काम त्या बाईने ठरवलं. मयुरीला नाल्यापार नेणं, एवढंच.

दुकानात धनराजने मला उभं केलं आणि बाजारात बैल पाहतात तसं पाहिलं. भोवती फिरला, ठोकळ्यांवर थाप मारली, अंगठ्याने खाच दाबून पाहिली आणि शेवटी एक सणसणीत लाथ घातली. मी जागचा हललो नाही. तो खूश झाला.

"दात मस्त हायेत गा याले," तो लटारूला म्हणाला.

माझ्या अंगावर किती वजनाचा आकडा आहे, कोणत्या मापाचा आहे, हे त्याने पाहिलंच नाही. ते जहीरभाईने पाहिलं आणि माप बरोबर आहे असं सांगितलं. मग म्हणाला, "धनराजभाऊ, या मापाचे सद्या दोनच हायेत. दुसरे दोन आठ दिवसांत नागपूरहून येतीन. थांबत असान तं चारही संगंच लावून देतो."

धनराजला थांबायचं नव्हतं. मार्कंड्याची जत्रा तोंडावर होती. गावची माणसं भरून तो जत्रेला जाणार होता आणि नवे टायर तिथे सगळ्यांना दिसायला हवे होते.

"मंग हे दोन मांगं लावतो," जहीरभाई म्हणाला. "तुमच्या गाडीले जोर मांगच्या चाकांले राह्यते."

धनराज मोठ्याने हसला. "का गा जहीर, बंडीले बैल पुढं जुपतेत का मांगं?"

लटारूही हसला. दुकानातले बाकीचेही हसले.

"बंडी येगळी भाऊ, गाडी येगळी."

"तुह्या बापानं कधी बंडी हाकलली का? मले नको शिकवू. वढाचं काम पुढच्याचं राह्यते. पुढं लाव, लोकाईले दिसले पायजे."

जहीरभाईचा चेहरा उतरला. त्याने पान्हा उचलला आणि म्हणाला, "तुमची गाडी, तुमची मर्जी." दुसऱ्यांदा त्याने सांगितलं नाही. सांगू शकला असता. अपमान गिळून आणखी एकदा सांगावं, तर त्या गाडीत कोण बसणार आहे ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून मी त्याला थोडं सोडतो. फार नाही.

तर असा मी पुढच्या उजव्या चाकावर चढलो आणि माझा जोडीदार डाव्या. मागे धनराजचे जुनेच टायर राहिले, नक्षी पार पुसून गेलेले. त्या पिकअपच्या पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा मागे जातो. इंजिनाचा सगळा जोर त्यातून मागच्या चाकांना मिळतो आणि मागची चाकं गाडी ढकलतात. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं आणि ढकललं जाईल तिकडे जायचं. दात होते ते आम्ही दोघे पुढे वळत बसलो आणि ज्यांचे दात पडले होते ते दोघे मागे जोर लावत राहिले.

घरी आल्यावर रुखमाबाईने पूजा केली. आमच्या दोघांवर हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सगळे आत गेले तरी ती माझ्यापुढे हात जोडून बसून राहिली. "माह्या लेकीले नाल्यापार ने बाप्पा," ती पुटपुटली. मागच्या चाकांवर तिने चिमूटभरही कुंकू टाकलं नाही. तिला तरी कोणी सांगितलं होतं?

जत्रेत माझं फार कौतुक झालं. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी गाड्यांची रांग लागली होती आणि पोरं येऊन माझ्या खाचांत बोटं घालून पाहत होती. धनराज दाराला टेकून उभा राहायचा आणि सांगायचा, "नाला सोड, या टायरवर मी नदी पार करीन." कोरड्या उन्हाळ्यात सगळ्यांच्याच गाड्या सगळीकडे जातात, त्यामुळे त्याला कोणी खोटं पाडलं नाही. नागपूरहून उरलेले दोन टायर आले तेव्हा जहीरभाईने दोनदा फोन केला. धनराज "येतो, येतो" म्हणाला आणि गेला नाही. मग ते दुसऱ्याच कोणाच्या गाडीला लागले. आहे तेच छान दिसत असताना आणखी कशाला, असा त्याचा हिशेब होता.

आषाढात मयुरी आली. मित्रांनो, माझी जीभ कडू आहे हे तुमच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. पण मयुरीबद्दल माझ्याकडे कडू शब्द नाही. संध्याकाळी ती गाडीच्या सावलीत पाट घेऊन बसायची, अगदी माझ्याजवळ, आणि खराट्याची काडी घेऊन माझ्या खाचांत अडकलेले खडे एक एक करून काढायची. तिला ते काम कोणी सांगितलं नव्हतं. पोट जड झालेलं, हाताला चाळा हवा, म्हणून करायची. "बाबा, याच्या अंगात अख्खा नाला भरला हाये," असं म्हणून हसायची. मला मिळालेली खरी निगा तेवढीच.

गावच्या आशाताई रिनाबाई. दिवस भरत आले तशा त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "धनराजभाऊ, पाणी वाढून राह्यलं. रपटा बुडला का मंग काही खरं नाई. आठ दिवस आंधीच मयुरीले दवाखान्यात नेऊन ठेवा. तिथी राहाची सोय हाये."

"अन् लोकं काय म्हणतीन? दारात गाडी असून यानं पोरीले लोकाईच्या खाटंवर नेऊन टाकलं म्हणतीन."

"लोकाईचं सोडा ना भाऊ."

"नवे टायर कायले घेतले मंग म्या?"

मयुरी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, मले भेव लागते. नेऊन ठेवा ना."

धनराज उठला, माझ्याजवळ आला आणि सगळ्यांच्या देखत मला लाथ मारली. "हा पाहा. हा हाये ना? मंग भेव कायचं?"

मयुरीने माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, कारण बापावर ठेवायचा होता. ती आत गेली. रिनाबाई छत्री उघडून निघून गेल्या. त्या घरात त्या दिवशी सगळ्यांचं बोलून झालं होतं आणि सगळ्यांनी मिळून तिला माझ्या स्वाधीन केलं होतं.

श्रावणातल्या एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. पाऊस आधीपासून लागून होता. रिनाबाईंनी फोन करून रुग्णवाहिका बोलावली. ती नाल्यापलीकडे डांबरी रस्त्यावर येऊन उभी राहिली, त्याच्या अलीकडे तिला येता येत नव्हतं. धनराजने पिकअपच्या डाल्यात, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, गादी टाकली, वर ताडपत्री बांधली. मयुरी, रुखमाबाई आणि रिनाबाई मागे बसल्या. लटारू पुढे धनराजच्या बाजूला. निघताना धनराजने माझ्याखाली लिंबू ठेवलं आणि ते चिरडत गाडी काढली.

नाल्यावर रपट्यावरून पाणी चाललं होतं, अर्धं चाक बुडेल एवढं. आम्ही त्यात उतरलो आणि पार झालो. खाली फरशी टणक होती, तिथून कोणताही टायर गेला असता. पण धनराजने खिडकीतून हात काढून आरोळी ठोकली, "पाह्यलं का!"

पुढे चढ होता. तो चढ म्हणजे निव्वळ कन्हारी, काळी चिकट माती, ओली झाली की पायातली चप्पल ओढून घेणारी. चढाच्या माथ्यावर रुग्णवाहिका दिसत होती. तिचा ड्रायव्हर दार उघडून उभा होता, त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा दिसत होता. मी मातीला भिडलो. माझ्या ठोकळ्यांनी चिखल धरला, पक्का धरला. मागून एक धक्का आला असता तर मी पाऊल पुढे टाकलं असतं. धक्का आला नाही. मागची बोडकी चाकं जागच्या जागी भिरभिरली, चिखल उडाला आणि गाडी हळूहळू मागे घसरली. मी धरून ठेवलं आणि मागच्यांनी सोडून दिलं.

धनराजने पुन्हा गाडी रेटली. पुन्हा तेच. लटारू उतरला, त्याने पळसाच्या फांद्या तोडून चाकांखाली घातल्या, दगड घातले. चाकांनी ते मागे भिरकावले आणि खड्डा आणखी खोल केला.

"धनराज," लटारू म्हणाला, "त्या जहीरनं म्हटलं होतं ना, का टायर मांगं..."

"चूप बस!"

लटारू चूप बसला. त्याला ते जन्मभर जमलं.

वरून ड्रायव्हर ओरडला, "स्ट्रेचर आणू का?"

"नको! येऊन राह्यलो!" धनराजने हात हलवला.

डाल्यातून रिनाबाईंनी ताडपत्री वर केली. "भाऊ, गाडी सोडा! उचलून नेऊ तिले. इतकंसंच तं हाये."

"माह्या जित्या पोरीले मुडद्यावाणी चौघांच्या खांद्यावर नेऊ? अपशकुन बोलू नका. निघते आता."

निघते आता, निघते आता. इंजिन ओरडत होतं, मागे मयुरी ओरडत होती, आणि तो दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून टाकण्यासाठी आणखी जोरात गाडी रेटत होता. मी त्याच्या पायाखाली होतो म्हणून मला कळत होतं. त्याला वर जायचं नव्हतं, त्याला बरोबर ठरायचं होतं. मागचं चाक कण्यापर्यंत रुतलं तरी तो थांबला नाही.

मग डाल्यात एक बारीक रडणं ऐकू आलं. बाळ झालं होतं. लटारूने हात जोडले. धनराज हसला आणि मागे वळून म्हणाला, "झालं ना? मी म्हणतच होतो."  रिनाबाईंनी लुगड्याचे बोळे मागितले, मग गादीवरची चादर मागितली, मग रुखमाबाईचा पदर. रक्त थांबत नव्हतं. ताडपत्रीच्या कडेने ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली आलं आणि माझ्याशेजारून नाल्याकडे गेलं.

तेव्हा रुखमाबाई अशी किंचाळली की वरची माणसं न विचारता स्ट्रेचर घेऊन चिखलात घसरत खाली आली. मयुरीला चौघांनी खांद्यावर उचललं आणि वर नेलं. तो चढ चढायला त्यांना काहीच वेळ लागला नाही. मी पाहत होतो. रुग्णवाहिका गावाच्या शिवेबाहेर पडायच्या आतच मयुरी गेली, हे मला मागाहून कळलं.

पाऊस ओसरल्यावर एक ट्रॅक्टर येऊन पिकअप ओढून घेऊन गेला.

आता नाचता येईना, अंगण वाकडं. तेराव्याला जमलेल्या लोकांना धनराजने सांगितलं, "टायर खराब निघाले. जहीरनं नकली माल देल्ला. त्यानंच माही पोर मारली." लोकांनी माना डोलावल्या. नकली मालावर राग धरणं सोपं असतं. चिचटोल्यातली माणसं जहीरभाईच्या दुकानात जाईनाशी झाली, मग शेजारच्या गावांतलीही. तेव्हा एके दिवशी दुपारी जहीरभाई स्वतः धनराजच्या अंगणात आला; लटारू आणि गावातले चारदोन जण तिथे बसले होते. हसणं, चहा, बोलणं, काही उरलं नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर. त्याने पिकअपकडे पाहिलं. मी अजून पुढेच होतो.

"म्या मांगं लावाले सांगतलं होतं भाऊ," तो म्हणाला. "पोरगी गेली, मले दुःख हाये. पण हे खोटं नका बोलू. लटारूभाऊ होते तिथी. इचारा त्याईले."

सगळ्यांनी लटारूकडे पाहिलं. लटारूने खाली पाहिलं, पायाच्या अंगठ्याने माती उकरली आणि म्हणाला, "म्या काही आयकलो नाई."

जहीरभाई निघून गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तुम्ही पुस्तकात वाचता. मी ते अंगणात उभं राहून पाहिलं.

संध्याकाळी रुखमाबाई बाहेर आली. आधी तिने मागच्या चाकावर हात फिरवला, तळव्याला काहीच लागलं नाही. मग पुढे येऊन तिने माझ्या खाचेत बोट घातलं, ते अर्धं आत गेलं. ती तिथेच बसली. धनराज दारात आला तेव्हा तिने वर न पाहता विचारलं, "जहीरभाऊ खरं बोलला ना?"

"तुले या घरात राहाचं हाये ना?" धनराज म्हणाला.

तिला राहायचं होतं, कारण आत झोळीत बाळ होतं. मयुरीच्या नवऱ्याने वर्ष फिरायच्या आत दुसरं लग्न केलं आणि बाळ न्यायला कोणी आलं नाही. तीच तुमच्या दुसरीच्या वर्गातली दिव्यानी.

आम्हा दोघांना काढून गोठ्यामागे फेकलं. माझ्या जोडीदाराला थंडीत लोकांनी शेकोटीत घातलं. तो बराच वेळ जळत होता आणि त्याच्या धुरापासून तोंड फिरवून लोक त्याच्यावरच हात शेकत होते. मी उरलो. पुढे गुरुजींना अंगणासाठी टायर हवे होते. धनराज तेव्हा शाळा समितीचा अध्यक्ष झाला होता. त्याने मला इथवर गडगडत आणलं आणि म्हणाला, "याले अर्धं गाडा गुरुजी. पोरं तुडवतीन याले."

दिव्यानी पहिल्यांदा शाळेत आली त्या दिवशी त्याने तिला माझ्यापुढे उभं केलं. "गाडीले पुढं लागून होता हा टायर. यानंच तुही माय मारली. मार लाथ." तिने नव्या बुटाने मला लाथ मारली. तो हसला, म्हणून तिने आणखी एक मारली. रुखमाबाई तिचं दप्तर धरून बाजूला उभी होती. तेव्हापासून रोज शाळा भरताना एक लाथ ठरलेली. तुमच्यापैकी कित्येकजण तिच्या जोडीने मारतात, मी नावं घेत नाही. रबराला काही होत नाही. बूट मात्र फाटतात.

आता यंदाचं सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर धनराजने पिकअपला नवे टायर घातले. जाड ठोकळ्यांचे, खोल खाचांचे, माझेच भाऊबंद. दोनच घेतले. शाळेच्या फाटकासमोरून गाडी गेली तेव्हा मी पाहिलं. ते मागे होते.

कोणी त्याला विचारलं नाही आणि त्याने कोणाला सांगितलं नाही. खताची पोती भरून त्याने भर पावसात तोच नाला ओलांडला आणि तोच चढ एका दमात चढून गेला. तुम्हीच दुसऱ्या दिवशी वर्गात टाळ्या पिटून सांगत होता. म्हणजे त्याला माहीत होतं, मित्रांनो. माझ्यावर पहिली लाथ मारायला लावली तेव्हाही माहीत होतं.

त्या दिवशी दिव्यानीला सोडायला रुखमाबाई आली होती. फाटकात गाडी उभी होती. दिव्यानीने माझ्यावर पाय उगारला आणि तसाच धरून विचारलं, "आजी, आबाजीनं नवे टायर मांगं काऊन लावले?"

रुखमाबाईने गाडीच्या मागच्या चाकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "जोर मांगं राह्यते, बाई."

"मंग हे पुढं काऊन होते?"

आजीने तिच्या हातात दप्तर दिलं आणि तिला वर्गाकडे ढकललं. म्हणून दुसऱ्या दिवशी दिव्यानीने तेच आजोबांना विचारलं, सगळ्यांसमोर, याच अंगणात. "आबाजी, जोर मांगं राह्यते मने आजी. मंग तुमी हे पुढं काऊन लावले होते?"

धनराजने तिच्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात, की ती माझ्यावर येऊन आपटली. तुम्ही सगळे पाहत होता. गुरुजीही पाहत होते. गुरुजींनी घंटा वाजवली आणि तुम्ही ओळीत जाऊन उभे राहिलात. धनराज गाडीत बसून निघून गेला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. टायर निवडताना नुसते दात पाहू नका. वाट कोणती आहे ते पाहा, माप पाहा, आणि गाडीचा जोर कोणत्या चाकांना मिळतो ते आधी विचारा. विचारल्यावर जो सांगेल त्याला हसू नका. आणि कधी चुकलात तर 'माझं चुकलं' एवढं म्हणून टाका. ते न म्हटलेलं दुसऱ्या कोणालातरी सोसावं लागतं, आणि तो नेहमी तुमच्याहून लहान असतो.

त्या दिवसापासून दिव्यानी मला लाथ मारत नाही. मधल्या सुट्टीत तुम्ही तिच्याशी बोलत नाही, कारण तिने आजोबांचा मार खाल्ला. ती माझ्याजवळ येऊन बसते, खराट्याची काडी घेते आणि माझ्या खाचांत अडकलेले खडे एक एक करून काढते. तिला हे कोणी शिकवलेलं नाही.